निळं दूध

सोमवार, ४ मार्च

निळा बंद केला. मला न सांगता.

सकाळी नेहमीसारखा कँटीनमधून दुधाचा ग्लास आणला, खिडकीत ठेवला. यंत्रातून पहिली नळी बाहेर पडली, ती ग्लासात पिळली. दूध पांढरंच. मला वाटलं, वरचे लोक रंग टाकायला विसरले. ओरडले – थांबवा! यंत्र थांबलं. सगळ्या बायका हात वर करून उभ्या, जणू दरोडा पडलाय. साहेब धावत आले आणि म्हणतात, "मावशी, रंग काढलाय आपण. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

कोण सांगणार? भिंत?

इतकी वर्षं आमच्या खोलीत एकच औषध भरतात. गाईला दगडी झाली, म्हणजे कास सुजून दगडासारखी झाली, की नळीचं टोक आचळात घालून पिळायचं. औषध कासेत जातं. जोवर औषध दुधात आहे तोवर दूध निळं निघतं. निळं दूध कोणी विकत नाही, कोणी घेत नाही. पांढरं निघालं की विका. अंगठेबहाद्दरालाही कळेल अशी सोय. ज्याने कोणी काढली त्याच्या डोक्यात मेंदू होता.

म्हणून रोज तो ग्लास. पिळायचं, खिडकीत धरायचं आणि मी म्हणायचं – "निळं." मग काम सुरू. मी म्हटल्याशिवाय साहेबसुद्धा बटण दाबत नसत.

आज मी काहीच म्हटलं नाही. बटण दाबलं त्यांनी.

मंगळवार, ५ मार्च

टायवाला आला होता. विक्रीवाला. आम्हाला उभं करून भाषण दिलं. म्हणे ग्राहकाला निळा आवडत नाही. दुसऱ्या कंपनीचं बिनरंगाचं खपतं, आपलं पडून राहतं.

मी विचारलं, "ग्राहक कोण? गाय?"

बायका हसल्या. शेजारची ठमी तर तोंडात पदर कोंबून. टायवाला हसला नाही. "मावशी, ग्राहक म्हणजे गोठेवाला."

"त्याला निळा का आवडत नाही?"

"तुम्हीच सांगा, दूध निळं दिसलं तर –"

"– तर विकता येत नाही. तेच ना? त्यासाठीच तर होता."

साहेबांनी घसा खाकरला. टायवाला म्हणाला, सगळं कागदावर छापलंय, औषध दिल्यावर चार दिवस दूध विकू नये. खोक्यात कागद असतोच.

जेवणाच्या सुट्टीत तो कागद घेऊन बसले. अक्षरं मुंग्यांएवढी. मी चौथीपर्यंत गेलेली, बोट ठेवून वाचते. चार दिवसांची ओळ सापडेपर्यंत डबा निवून गेला. ज्याचे हात शेणाने भरलेत आणि गाय लाथ मारतेय तो हा कागद वाचणार? नळीचं तोंड पुसेल त्याने.

औषधाला मी नावं ठेवत नाही. भावाच्या गाईची कास तव्यासारखी तापलेली मी हात लावून पाहिलीय. वासराला जवळ येऊ देत नव्हती बिचारी. दोन दिवसांत मऊ झाली, रवंथ करायला लागली. चांगलं औषध आहे, जनावर वाचतं. मग त्याची जीभ का कापता मेल्यांनो?

गुरुवार, ७ मार्च

आज तर कहर.

नळीवरचं लेबल जुनंच लावायचं म्हणे. त्यावर ठळक लिहिलंय – ‘औषध असेपर्यंत दूध निळे राहील.’ आत मलम पांढरं!

साहेबांना दाखवलं. म्हणाले, "जुनी लेबलं संपू देत. इतका साठा काय फेकून देऊ? कागद नवा घातलाय ना खोक्यात."

म्हटलं, "साहेब, माणूस लेबल वाचेल. दूध पांढरं बघेल. म्हणेल, औषध गेलं, आता विकायला हरकत नाही. जो चोर आहे तो आधीपासून चोर आहे. तुम्ही तर साध्या माणसाला फसवताय."

"मावशी, तुम्हाला घरी बसायचंय का?"

बायका खाली मान घालून लेबलं चिकटवत होत्या. मीही चिकटवली. दिवसभर. संध्याकाळी तोच माल गावातल्या दुकानांत गेला. तोंड कडू झालं. घरी आल्यावर जेवले नाही, नवऱ्याने विचारलं काय झालं, त्याच्यावरच खेकसले.

रविवार, १० मार्च

लेकीकडे गेले होते. चिमीने – नात माझी, बालवाडीत जाते – दारातच मला पकडलं. माझी नखं बघायला तिला फार आवडतं. निळी असतात ना, रंगाने. "आजी, तू शाई खाल्लीस?" म्हटलं, हो, रोज एक बाटली.

तिच्याकडे बघितलं की मला तो दवाखाना आठवतो. मागच्या वर्षी साधा ताप, साधं इंजेक्शन. आणि डोळ्यांदेखत पोर लाल झाली, ओठ सुजले, घशातून शिट्टीसारखा आवाज. डॉक्टर धावले म्हणून वाचली. मग त्यांनी सांगितलं, या औषधाचा एक थेंबही हिच्या पोटात जाता कामा नये. नाव वाचून दाखवलं. तेच आमच्या नळीत. जनावराचं वेगळं, माणसाचं वेगळं, असं मला वाटायचं!

तेव्हाही मनात म्हटलं होतं, बरं आहे, आपल्या औषधाने दूध निळं पडतं.

आणि लेकीकडे दूध येतं माझ्या धाकट्या भावाच्या गोठ्यातून. तो तीच नळी वापरतो. म्हणून तिथून सरळ त्याच्याकडे गेले.

धार काढत होता. म्हटलं, "ऐक. निळा बंद झालाय. नळीवर लिहिलंय ते खोटं. औषध दिलंस की चार दिवस त्या गाईचं दूध टाकायचं."

"तरीच. परवा बघितलं, पांढरंच निघालं. मला वाटलं औषध लागू पडलं नाही."

"मग काय केलंस त्या दुधाचं?"

"अजून संशय होता म्हणून वेगळं ठेवलं गं. बाकीचे कशाला ठेवतात? नळीवर निळं म्हटलंय, निळं नाही म्हणजे मोकळं. ओततात डेअरीत."

"बाकीच्यांचं मला सांगू नकोस. तू विकायचं नाही. आणि वासरालाही पाजायचं नाही, पोट बिघडतं त्याचं."

"ताई, मी काय भाचीच्या लेकराला विष पाजीन?"

"विष नाही, आळस पाजशील. लहानपणापासून ओळखते तुला."

भावजय खळखळून हसली. तो नाही हसला.

सोमवार, ११ मार्च

आजही ग्लास आणला. हाताला सवय. साहेबांनी खिडकीतून उचलला आणि पिऊन टाकला. मिशीवर साय. आता म्हणे ग्लास आणायचा नाही.

गुरुवार, १४ मार्च

प्रयोगशाळेतली चष्मेवाली जिन्यात भेटली. चांगली आहे, पण बोलते इतकं हळू की कान तोंडाला लावावा लागतो. म्हणाली, "मी लिहून दिलं होतं मावशी, रंग काढू नका म्हणून. वर गेलं. परत खाली आलं नाही."

म्हटलं, "मग तू वर जा."

"माझ्या हातात काही नाही."

सगळ्यांचे हात मनगटापर्यंतच. बोटं फक्त आमची, लेबलं चिकटवायला.

रविवार, १७ मार्च

डोकं भणभणतंय.

भावाकडे गेले, न सांगता. पांढऱ्या कपाळाची गाय बाजूला बांधलेली, कास सुजलेली. म्हणाला, कालपासून औषध चालू आहे. म्हटलं, हिचं सकाळचं दूध कुठंय?

"टाकलं."

"कुठं?"

"मोरीत, अजून कुठं."

मी मोरीत गेले. कोरडी ठणठणीत! दूध ओतलं की मोरी चिकट होते, वास येतो, माश्या बसतात. इथे एक माशी नाही. बादली धुऊन पालथी. बाहेर आले, त्याच्या तोंडाकडे बघितलं. नजर गाईच्या शेपटीकडे. लहानपणी बरणीतला गूळ खाऊन असाच शेपट्यांकडे बघायचा.

"खोटं बोलतोस."

"ताई, आता मोरीही तपासणार का?"

"तपासणार. माझी नात पिते ते दूध."

"माझी कोणीच नाही का ती? आजोबा म्हणते ती मला."

काय काय बोलले मी ते लिहीत नाही. भावजय मध्ये पडली तर तिलाही बोलले. तो शेवटी एवढंच म्हणाला, "कंपनीत तोंड उघडत नाही तुझं. इथे बरं उघडतं."

माझं तोंड उघडत नाही! त्याला काय माहीत.

तिथून लेकीकडे. सांगितलं, उद्यापासून मामाचं दूध बंद. ती म्हणाली, "आई, वड्याचं तेल वांग्यावर काढतेस. मामा असं करणार नाही." म्हटलं, मोरी कोरडी होती. म्हणाली, "मोरी!" आणि कपाळाला हात लावला. पण चिमीचा प्रश्न, त्यामुळे जास्त ताणलं नाही. कोपऱ्यावरच्या डेअरीतून घेते म्हणाली. तिथे मशीनवर फॅट तपासून देतात.

बरं झालं.

सोमवार, १८ मार्च

ठमी म्हणाली, तुझा भाऊ असा वाटत नाही. म्हटलं, तू तुझी लेबलं चिकटव.

शुक्रवार, २२ मार्च

कामावरून येताना जनावरांच्या औषधाच्या दुकानात शिरले. दुकानदार ओळखतो, माझ्या नखांवरून. म्हटलं, जुन्या निळ्या नळ्या आहेत का?

"आहेत की, मागे पडल्यात. निळ्याला आता कुत्रं विचारत नाही, मावशी. परत पाठवणार होतो."

"दे इकडे."

"गाय कधी घेतलीत?"

"भाऊ आहे ना. बैल."

तो हसला. मी नाही.

भाऊ नळ्या पत्र्याच्या डब्यात सुट्या टाकतो, खोकी फेकून देतो. बाहेरून जुनी नळी आणि नवी नळी सारखीच – लेबल एकच ना, साहेबांच्या कृपेने. त्याच्या काढायच्या, या ठेवायच्या. मग विक म्हणावं. कॅन उघडेल आणि चारचौघांत निळं दिसेल. मी काही बोलायची गरजच नाही.

रविवार, २४ मार्च

काम झालं. तो गाई पाण्यावर घेऊन गेला होता. भावजयीने चहा दिला, बोलली नाही. चहा होईस्तोवर डबा बदलला. परत आल्यावर तो म्हणाला, "आलात का, इन्स्पेक्टरबाई?" मी चहा पिऊन निघाले. ताईचं इन्स्पेक्टरबाई झालं. होऊ दे.

बुधवार, २७ मार्च

लेकीचा फोन. चिमीला डेअरीचं दूध आवडतं, साय जाड येते म्हणे. मामा दारावरून जातो पण हाक मारत नाही. "तूच बघ आता आई." काय बघू?

मंगळवार, २ एप्रिल

टायवाला आला. बिनरंगाची विक्री वाढली म्हणून खूश. सगळ्यांना पेन वाटले. मला दिला तेव्हा म्हणाला, "मावशी, खास तुमच्यासाठी, निळ्या शाईचा." बायका हसल्या. ठमीसुद्धा.

आज त्याच पेनने लिहितेय. चालतो चांगला. ज्याने दिला त्याचं वाटोळं होवो.

नखं वाढली. निळा टोकाशी आलाय, मुळाशी गुलाबी. चिमीला आता गंमत वाटायची नाही.

भावाकडून काही खबर नाही. निळं कुठे दिसलं असतं तर बोंब झाली असती. का नाही दिसलं? गाई सगळ्या धडधाकट असतील. किंवा मोठ्या कॅनमध्ये थोडं मिसळत असेल, कळू नये असं. त्याचं डोकं अशाच कामात चालतं.

शुक्रवार, ५ एप्रिल

जुनी लेबलं संपली. साहेबांनी आणखी छापून आणली. तीच. "नवीन मजकूर मंजूर व्हायचाय." मी कात्री टेबलावर आपटली. सगळ्यांनी बघितलं. साहेब म्हणाले, कात्री कंपनीची आहे.

रविवार, ७ एप्रिल

सकाळी सकाळी भावाचा फोन. इतके दिवस अबोला आणि आज आवाज घाबरलेला. "ताई, लवकर ये. वासराला काहीतरी झालंय. तोंड निळं पडलंय. साप चावला की काय!"

मी धावतच गेले. गोठ्यात वासरू उभं. कान हलवतंय, शेपटी हलवतंय, उड्या मारतंय. आणि नाकापासून गळ्यापर्यंत निळंशार. जीभ निळी. चिमी म्हणते तशी शाई खाल्ल्यासारखं.

मी त्याचं तोंड हाताने वर केलं. आधी हसू आलं. मग हसू थांबलं.

"याला दूध कुठलं पाजलंस?"

भाऊ पुन्हा गाईच्या शेपटीकडे बघायला लागला. "पांढऱ्या कपाळीचं. पुन्हा सुजली ती, औषध चालू आहे. पहाटे अंधारात धार काढली, बादली तशीच याच्यापुढे ठेवली."

"आणि त्या दिवशी? मोरी कोरडी होती तेव्हा?"

"त्या दिवशीही यालाच. तू म्हणालीस वासराला पाजायचं नाही. मग तुला काय सांगू? टाकलं म्हटलं." वासराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "ताई, दूध मोरीत ओतवत नाही गं माझ्याच्याने. हात उचलत नाही."

"आणि विकायचं?"

त्याने कॅनचं झाकण उघडून माझ्यासमोर धरलं. पांढरं. म्हणाला, "चार दिवस तिचं वेगळं काढतो. तू सांगितलंस तेव्हापासून. इथे हे ठाऊक असलेला मी एकटाच आहे, तुझ्यामुळे."

मग मी डब्याचं सांगितलं. नळ्या बदलल्या ते. तो बघत राहिला. भावजय बघत राहिली. मला वाटलं आता हाकलून देणार. तर भाऊ वासराकडे वळून म्हणतो, "ऐकलंस का रे? तुझ्या आत्याने रंगवलं तुला." आणि दोघं नवरा-बायको असे हसायला लागले की गाई बिचकल्या.

मी रागावले, वासराला पाजलं म्हणून. रागावायला काहीतरी हवं ना. पण आवाज चढेना.

निघताना तो म्हणाला, "उद्या सकाळी किटली घेऊन दोघं जाऊ भाचीकडे. तूच दे तिच्या हातात. मी दारात उभा राहतो."

"आत यायचं. दारात काय उभं राहायचं?"

"बघू, इन्स्पेक्टरबाई आत घेतात का."

उद्या कामावर उशिरा जाईन. साहेबांना जे म्हणायचं ते म्हणू दे.

सोमवार, ८ एप्रिल

किटली घेऊन गेलो तर लेकीचं दार सताड उघडं. घरात कोणी नाही. शेजारीण म्हणाली, चिमी दूध प्यायली आणि लाल झाली, श्वास घेता येईना, जावई उचलून दवाखान्यात पळाले. आता मी इथे दवाखान्याच्या बाकावर आहे. पोर आत आहे. अजून कोणी बाहेर आलं नाही.

घरी ओट्यावर डेअरीच्या दुधाचा तिचा अर्धा ग्लास तसाच होता. मी उचलला. खिडकीत धरला.

पांढरंशुभ्र.